नाईक, हवालदार आणि जुमलेदार

आपल्या ज्ञातीतील वडीलधाऱ्या मंडळींच्या तोंडून अनेकदा ऐकावयास मिळते की, अमुक घराण्याकडे पूर्वी हवालदारी होती, तमक्यांचे पणजोबा पलटणीत नाईक होते. हे सांगताना सांगणाऱ्याची छाती अभिमानाने भरून येते, आणि त्यात वावगे काहीच नाही. परंतु ‘आजोबा, हवालदाराचे काम तरी काय असे?’ असा प्रश्न एखाद्या नातवाने केला, तर उत्तर सहसा मिळत नाही. सारे आयुष्य मुलांना इतिहास शिकविण्यात गेलेल्या मजसारख्यास ही गोष्ट सलते. म्हणूनच स्मरणिकेसाठी हा विषय घेतला आहे.

शिवछत्रपतींच्या लष्कराची रचना कृष्णाजी अनंत सभासद याने आपल्या बखरीत दिली आहे. ही बखर त्याने १६९४ साली जिंजी येथे राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून लिहिली. तीवरून असे दिसते की, पायदळात दहा माणसांत एक नाईक असे. पाच नाईकांवर एक हवालदार, दोन-तीन हवालदारांवर एक जुमलेदार आणि दहा जुमलेदारांवर एक हजारी. घोडदळात पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार व दहा जुमलेदारांवर हजारी असा क्रम होता. दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद नेमलेला असे.

हे आकडे वाचकांनी नुसते पाठ करून सोडू नयेत. त्यांत मोठे शहाणपण आहे. नाईकाच्या हाताखाली माणसे नऊच. त्यातील कोण आजारी, कोणाचे घरी अडचण, कोण रात्रीच्या चौकीवर डुलक्या घेतो, हे त्यास ठाऊक असणारच. हवालदारास पन्नास माणसांवर ओरडावे लागत नसे. पाच नाईकांस जाब विचारला की पुरे. हजारीस तर दहाच माणसे सांभाळावयाची. ज्याने साठ मुलांचा वर्ग एकट्याने सांभाळला आहे, त्यास या व्यवस्थेचे मर्म अधिक सांगावयास नको. पाण्याची पखाल आणि घोड्याचा नाल यांची तजवीज आधी केल्यावाचून शिपायाकडून पराक्रमाची अपेक्षा करू नये, हेही त्यात आलेच. शिवाय शिपायांस व अंमलदारांस गावे तोडून न देता पगार रोख किंवा वरातेने मिळे. त्यामुळे अंमलदार हा रयतेचा धनी न होता सरकारचा चाकर राही.

तथापि हुद्देदाराकडून महाराजांची अपेक्षा काय होती, हे बखरीपेक्षाही त्यांच्या एका पत्रावरून अधिक स्पष्ट होते. राज्याभिषेकाच्या (१६७४) सुमारास चिपळूण परिसरात पागेची छावणी होती. दाभोळ सुभ्यात पावसाळ्यासाठी केलेला दाण्यावैरणीचा साठा बराचसा आधीच खर्च झाला होता. पुढे चार महिने कोकणातला पाऊस! अशा वेळी महाराजांनी पत्र धाडले. ते कोणा सेनापतीस नव्हे, तर पागेच्या जुमलेदार, हवालदार व कारकून यांस उद्देशून आहे, ही गोष्ट ध्यानात धरण्याजोगी आहे.

पत्राचा आशय असा. कारकून जो शिधा बेताने देतील तेवढाच घ्यावा. आजच मनमानेल तसे दाणे उधळलेत, तर ऐन पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारली असे होईल. मग तुमचे लोक कुणब्यांच्या घरात शिरून कोणी दाणे, कोणी भाकरी, कोणी गवत, कोणी लाकूडफाटा उचलू लागतील. तसे झाले म्हणजे जे गरीब कसाबसा जीव धरून राहिले आहेत तेही गाव सोडतील, आणि त्यांना तुम्ही मोगलांहूनही वाईट वाटाल. जे हवे ते बाजारात जाऊन विकत घ्यावे. कोणावर जुलूम करू नये. यापुढे तर महाराज चुली, आगट्या, तंबाखूसाठी नेलेला विस्तव, इतकेच काय, रात्री दिव्याची वात ओढून नेणारा उंदीर यांचाही उल्लेख करतात. गवताच्या गंजीस आग लागली तर घोडी जगणार कशी, ही त्यांची चिंता.

ज्याने पातशाह्यांशी टक्कर दिली, तो राजा उंदराने नेलेल्या वातीची काळजी वाहतो, आणि ती काळजी हवालदाराच्या गळी उतरवितो! यात धमकीही आहे, परंतु नुसती धमकी नाही. प्रत्येक आज्ञेपाठीमागचे कारण सांगितले आहे. शिपायाने केलेल्या आगळिकीचा दोष हुद्देदाराच्या माथी येईल, हे आधीच बजावले आहे. हाताखालच्या माणसांकडून काम कसे घ्यावे, याचा याहून उत्तम धडा माझ्या वाचनात नाही.

हे हुद्दे पुढेही टिकले. नाईक व हवालदार आजच्या भारतीय सैन्यातही आहेत. दुसऱ्या महायुद्धात इटलीमध्ये १० जुलै १९४४ रोजी मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे हे अशाच एका लहान तुकडीचे म्होरके होते. शत्रूच्या मशिनगनच्या माऱ्यात त्यांची सारी माणसे मृत वा जखमी झाली. हुकूम द्यावा असे मागे कोणी उरले नव्हते. तेव्हा ते एकटेच पुढे धावले, मशिनगनचे ठाणे मोडले आणि तेथेच धारातीर्थी पडले. कुलाबा जिल्ह्यातील माणगाव तालुक्याच्या या सुपुत्रास मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. दहांतला एक असूनही दहांच्या पुढे असणे, हाच नाईक या शब्दाचा अर्थ.

असो. पूर्वजांच्या हुद्द्याचा अभिमान आपण अवश्य बाळगावा. परंतु हवालदार हा शब्द ‘हवाला’ यापासून आला आहे, म्हणजे ज्याच्या स्वाधीन काही सोपविले आहे तो. माणसे, घोडी, दाणा आणि शेजारच्या कुणब्याची अब्रू, हे सर्व त्याच्या स्वाधीन असे. आज आपली मुले कचेऱ्यांत, कारखान्यांत व शाळांत दहा-पाच माणसांवर देखरेख करतात. ‘आपले पणजोबा हवालदार होते’ असे त्यांना सांगताना, त्यांच्या हवाली काय काय होते तेही सांगावे, एवढीच या म्हाताऱ्या शिक्षकाची विनंती आहे.