रत्नागिरीचे प्रादेशिक मनोरुग्णालय

रत्नागिरीचे प्रादेशिक मनोरुग्णालय : महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी सर्वांत लहान. स्थापना १८८६. मंजूर खाटा ३६५. येरवड्याच्या २,५४०, ठाण्याच्या १,८५० आणि नागपूरच्या ९४० खाटांपुढे हा आकडा किरकोळ दिसतो. पण रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या रुग्णाला दाखल करायचे झाले, की सरकारी वाट इथेच येते. आंबा घाट उतरून कोल्हापूरकडचे रुग्णही येतात. चारांतले एकही मनोरुग्णालय मराठवाड्यात नाही. त्या मानाने कोकण नशीबवान म्हणायचे, पण ते नकाशापुरतेच.

इतिहास : ब्रिटिश काळात मनोरुग्णांची व्यवस्था १८५८च्या आणि नंतर १९१२च्या कायद्याने चाले. दोन्ही कायद्यांचा भर उपचारापेक्षा बंदोबस्तावर होता. दंडाधिकाऱ्याच्या हुकमाने माणूस आत जाई, आणि बाहेर येणेही बव्हंशी कागदावरच्या सह्यांवर अवलंबून असे. रत्नागिरीचे रुग्णालय याच चौकटीत उभे राहिले. योगायोग असा, की ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा याला नजरकैदेसाठी रत्नागिरीत आणले गेले तेही १८८६ साली; पुढे १९२४मध्ये सावरकरांची स्थानबद्धताही याच शहरात झाली. या घटनांचा एकमेकींशी संबंध जोडण्याचे कारण नाही. मात्र पावसाळ्यात आगबोटी बंद, रेल्वे नाही आणि घाट अवघड, अशा गावात डोळ्यांआड ठेवायची माणसे ठेवणे राज्यकर्त्यांना सोयीचे वाटत असावे. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली ती १९९८मध्ये.

स्वातंत्र्यानंतर १९१२चाच कायदा चार दशके चालू राहिला. १९८७चा मानसिक आरोग्य कायदा प्रत्यक्ष अमलात यायला १९९३ उजाडले. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी दर्ग्याजवळच्या एका आश्रयस्थानाला आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले मनोरुग्ण जळून मेले. त्यानंतर देशभरच्या मनोरुग्णसंस्थांकडे सर्वोच्च न्यायालयाचे लक्ष गेले. आजचा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७चा. साखळीने बांधणे त्यात कोणत्याही स्वरूपात निषिद्ध आहे, तसेच भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध न देता विजेचे उपचार करणेही. सरकारी किंवा सरकारी मदतीवर चालणाऱ्या सेवेतून उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क ठरवला गेला, आणि दारिद्र्यरेषेखालच्यांना तो मोफत आहे.

अंतर : कायद्याने हक्क दिला, एस.टी.चे तिकीट नाही. रत्नागिरी जिल्हा किनाऱ्याला धरून लांबट पसरलेला; उत्तरेकडच्या मंडणगडहून रत्नागिरी शहर दीडशे किलोमीटरच्या आसपास पडते. मध्ये खाड्या, वळणे आणि पावसाळ्यात कोसळणाऱ्या दरडी. दक्षिणेला दोडामार्ग-सावंतवाडीच्या माणसाला तर रत्नागिरीपेक्षा गोव्यातले बांबोळीचे सरकारी रुग्णालय जवळ पडते. छिन्नमनस्कता किंवा द्विध्रुवीय विकारासारख्या आजारात गोळ्या महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे घ्याव्या लागतात. मोफत मिळणाऱ्या गोळीची खरी किंमत म्हणजे दोन माणसांचा प्रवास आणि बुडालेला रोज. बरे वाटू लागले की ही किंमत कुटुंबाला खुपते, फेरी चुकते, गोळी सुटते आणि आजार उलटतो. मग रुग्ण दाखल होतो तो पहिल्यापेक्षा वाईट अवस्थेत. डॉक्टरांच्या भाषेत हा ‘औषध नियमित न घेणारा रुग्ण’. त्याच्या गावाहून सुटणाऱ्या गाड्यांचे वेळापत्रक मात्र केसपेपरवर लिहिलेले नसते.

हे अंतर कमी करण्यासाठीच राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२मध्ये आला आणि कर्नाटकातील बळ्ळारीच्या प्रयोगावर बेतलेला जिल्हा कार्यक्रम १९९६पासून सुरू झाला. मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समाजसेवक आणि परिचारिका यांचे पथक जिल्ह्यात असावे, तालुक्याला बाह्यरुग्ण तपासणी व्हावी, प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरला साधे नैराश्य ओळखता यावे, ही कल्पना उत्तम आहे. ती माणसांवाचून अडते. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने केलेल्या २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात सुमारे १०.६ टक्के प्रौढांना कोणता ना कोणता मानसिक विकार आढळला, आणि आजारागणिक ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचाराविना होते. या सर्वेक्षणासाठी निवडलेल्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, हेही लक्षात ठेवावे. राज्यात मानसिक आरोग्याची सरकारी चर्चा मुख्यतः शेतकरी आत्महत्यांभोवती फिरली. २०१५मध्ये सुरू झालेला ‘प्रेरणा’ प्रकल्पही मराठवाडा-विदर्भातल्या चौदा जिल्ह्यांसाठी होता. कोकणातले दुःख तसे ठळक बातमीत येत नाही.

चाकरमान्यांचा जिल्हा : २००१मध्ये रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती, २०११मध्ये ती १६,१५,०६९वर उतरली. त्याच जनगणनेत हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. कमावते हात मुंबईला, घरी म्हातारी माणसे आणि बायका. सेवेच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे : रुग्णाला गाडीत बसवून नेणारे, रांगेत उभे राहणारे माणूस बहुधा थकलेली आई असते, आणि ती आजारी पडली तर रुग्णाला आणणारे कोणी उरत नाही. खुद्द त्या आईचे एकटेपण, झोप उडणे, जेवण न जाणे याची नोंद कुठल्याच खिडकीवर होत नाही. २२ जुलै २०२१च्या महापुरानंतर चिपळुणात चिखल उपसला गेला, पंचनामे झाले. पावसाचा जोर वाढला की धडधडणाऱ्या छातीचा पंचनामा होत नसतो.

घरात कोणी असंबद्ध बोलू लागले, की पहिली धाव अनेकदा देवळाकडे. गाऱ्हाणे घातले जाते, कौल लावला जातो, ‘बाहेरचे आहे’ म्हणून भगत गाठला जातो. शहरी लेखक याला अंधश्रद्धा म्हणून मोकळे होतात. गुरव गावातच असतो, ओळखीचा असतो आणि ऐकून घेतो, हे विसरून चालणार नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे किंवा बांधून ठेवणे हा २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे आणि तिथे सबब चालू नये. पण नुसते गाऱ्हाणे घालणारे कुटुंब उपचाराचे शत्रू नसते; त्याच गावात महिन्यातून एकदा डॉक्टर आला, तर ते दोन्ही करील.

परतीची वाट : आत येण्यापेक्षा बाहेर पडणे कठीण, ही या रुग्णालयांची जुनी व्यथा. रेल्वे स्थानकावर भटकताना सापडलेल्या माणसाला पोलिसांनी चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्यसंस्थेत न्यावे, असे कायदा सांगतो. असा माणूस कोठून आलेला असेल याचा नेम नाही. रत्नागिरीत आंबाबागांच्या राखणीला आणि मच्छीमार बोटींवर नेपाळपासूनचे मजूर असतात. तो बरा होतो तेव्हा प्रश्न पडतो तो भाषेचा आणि पत्त्याचा. कोकणातच, कर्जतला, श्रद्धा पुनर्वसन केंद्र चालवणाऱ्या डॉ. भरत वाटवानी यांना २०१८चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो रस्त्यावरच्या अशाच माणसांना उपचार करून घरी पोचवण्यासाठी.

पत्ता असूनही घर नसणे ही गोष्ट बायकांच्या वाट्याला जास्त येते. नवऱ्याने दुसरा संसार मांडलेला, माहेर भावाच्या ताब्यात. बरी झालेली बाई वॉर्डातच राहते. गौरव कुमार बन्सल यांच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने २०२१मध्ये महाराष्ट्राला बजावले, की बऱ्या झालेल्यांना भिक्षेकरी गृहात किंवा वृद्धाश्रमात हलवणे म्हणजे पुनर्वसन नव्हे. कायद्याला अपेक्षित असलेली निवारागृहे, म्हणजे रुग्णालय आणि घर यांच्या मधले पाऊल, राज्यात गरजेपेक्षा फार कमी आहेत. ४० टक्के किंवा अधिक अपंगत्वाचे प्रमाणपत्र मिळाल्यास मनोरुग्णालाही सवलती व निराधार योजनेतून मदत मिळू शकते. पण त्यासाठी पुन्हा फेऱ्या आल्या.

सिनेमाने या भागाकडे लक्ष दिले हे नोंदवायला हवे. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’मध्ये (२००४) छिन्नमनस्कता आहे, तर २०१६च्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ मिळवणाऱ्या ‘कासव’मध्ये नैराश्य, दोन्हींना कोकणाची पार्श्वभूमी आहे.

सद्यःस्थिती : १० ऑक्टोबर २०२२पासून १४४१६ या क्रमांकावर ‘टेलिमानस’ ही मोफत समुपदेशन सेवा मराठीतही मिळते. डोंगराच्या कुशीतल्या वाड्यांत रेंज मिळणे हा वेगळा प्रश्न. जिल्ह्यात डेरवणला खासगी आणि रत्नागिरीला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय झाल्याने पुढे तज्ज्ञ वाढण्याची शक्यता आहे. लोकसंख्येच्या प्रमाणात आंतरराष्ट्रीय निकषांइतके मानसिक आरोग्य कर्मचारी दहा वर्षांत उपलब्ध करण्यासाठी प्रयत्न करण्याचे बंधन २०१७च्या कायद्याने सरकारवर घातले आहे. हा कायदा २०१८मध्ये अमलात आला. मुदत २०२८मध्ये संपते.