फेरफार नोंदीची कुळकथा

गाव नमुना सहा म्हणजे फेरफार नोंदवही. जमिनीच्या हक्कात झालेला प्रत्येक बदल आधी या वहीत नोंदला जातो, त्याला क्रमांक पडतो, गावाला कळवले जाते, वेगळा अधिकारी तो तपासतो आणि मगच तो सातबाऱ्यावर येतो. मोठी संगणक यंत्रणा चालवणारे लोक आज 'चेंज मॅनेजमेंट' म्हणून जी शिस्त पाळतात, तिची सगळी अंगे या वहीत आहेत. बदल सुचवणारा आणि मंजूर करणारा वेगळे असतात, बदलाचे कारण लिहिलेले असते, आणि जुनी स्थिती पुसली जात नाही. महाराष्ट्रात ही वही संगणकावर गेली तेव्हा शिस्त आणि यंत्र यांची गाठ कशी बसली, आणि मधल्या काळात ती कशी सुटली होती, ही या कुळकथेची मुख्य बाब आहे.

मुंबई इलाख्यातील रयतवारी मोजणीचा पाया इंदापूर तालुक्यात 1835-36 मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी घातला. त्याआधीची प्रिंगल यांची पाहणी फसली होती. नव्या पद्धतीत प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर मिळाला, हद्दीच्या खुणा घातल्या गेल्या, आकार ठरला. 1847 च्या संयुक्त अहवालाने ही पद्धत पक्की केली आणि 1879 च्या जमीन महसूल संहितेने तिला कायद्याची चौकट दिली. मात्र या साऱ्यात सरकारला हवे होते ते एकच नाव, सारा भरणाऱ्याचे. शेत गहाण पडले, भावाभावांत वाटले गेले, सावकाराकडे गेले, कुळाने कसायला घेतले, तरी सरकारी कागदावर बहुधा पहिल्या खातेदाराचेच नाव राहत असे. मोजणी अचूक होती, पण ती एका दिवसाची होती. तिच्यात पुढचे बदल टिपण्याची सोय नव्हती.

ही उणीव 1903 च्या अधिकार अभिलेख कायद्याने भरून काढली. 1913 मध्ये तो कायदा रद्द होऊन त्यातील तरतुदी महसूल संहितेतच घातल्या गेल्या. गावच्या हिशेबाचे नमुने अँडरसन यांच्या महसूल लेख्यांच्या नियमपुस्तिकेने नीट लावून दिले आणि गावोगावचे तलाठी दप्तर त्याच क्रमांकांनी चालू लागले. नमुना सात अधिकारांचा, नमुना बारा पिकांचा, आठ-अ खात्याचा आणि सहा फेरफाराचा. सात आणि बारा एका कागदावर आले म्हणून सातबारा. लोकांच्या तोंडी सातबारा बसला असला, तरी त्याचा आधार नमुना सहा आहे. सातबारा आजची स्थिती सांगतो, ती तशी का झाली ते फेरफार सांगतो.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 मध्ये ही रीत कलम 149 आणि 150 मध्ये आहे. खातेदार वारला की वारस तलाठ्याकडे वर्दी देतात. तलाठी नमुना सहामध्ये नोंद धरतो, तिचा उतारा चावडीवर लावतो आणि हितसंबंधितांना नोटीस देतो. हरकतीसाठी 15 दिवसांची मुदत असते. हरकत आली तर प्रकरण विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत जाते आणि तिथे सुनावणी होते. हरकत नसेल तर मंडळ अधिकारी कागद तपासून नोंद प्रमाणित करतो. त्यानंतर सातबाऱ्यावर मृत खातेदाराचे नाव खोडत नाहीत, त्याला कंस करतात. शेजारी वर्तुळात फेरफार क्रमांक लिहितात आणि खाली वारसांची नावे लावतात. कंसातले नाव आणि वर्तुळातला क्रमांक यांच्या मागे मागे गेले की तीन-चार पिढ्यांपूर्वीच्या नोंदीपर्यंत पोचता येते. अशा प्रमाणित नोंदी, उलट सिद्ध होईपर्यंत, खऱ्या मानाव्यात असे कलम 157 सांगते. हा विश्वास कागदाला आपोआप मिळालेला नाही, तो मधल्या 15 दिवसांमुळे आणि दुसऱ्या सहीमुळे मिळाला आहे.

हद्दीपलीकडे दादरा-नगर हवेलीत जमिनीच्या कागदांची वाट निराळी होती. पोर्तुगीज अमलात तिथे 1919 च्या 'ऑर्गनिझासाँव आग्रारिया' या नियमावलीखाली आल्वारा म्हणजे लागवडीच्या अटीवरील जमिनी दिल्या गेल्या. 2 ऑगस्ट 1954 रोजी सिल्वासा मुक्त झाले, त्यात महाराष्ट्रातून गेलेल्या स्वयंसेवकांचा मोठा वाटा होता. 11 ऑगस्ट 1961 रोजी हा प्रदेश भारतीय संघराज्यात आला. जुने हक्क संपवणारे 1971 चे जमीन सुधारणा विनियम प्रत्यक्ष अमलात आले ते 1 मे 1974 रोजी. त्याच्या आदल्याच दिवशी, 30 एप्रिल 1974 ला, लागवडीची अट पाळली गेली नाही म्हणून जिल्हाधिकाऱ्यांनी 1923 ते 1930 दरम्यान दिलेले काही आल्वारे रद्द केले. आल्वारा 30 एप्रिलला संपला की 1 मेला जिवंत होता, यावर भरपाईचा प्रश्न अवलंबून राहिला. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 2025 मध्ये जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश कायम झाला. एका दिवसाच्या फरकाने अर्धे शतक खाल्ले. बदल कोणी, कोणत्या अधिकाराने आणि नेमका कधी केला, ही माहिती नोंदीत पक्की असावी लागते ती अशा प्रसंगांसाठी.

भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्र सरकारची योजना 1988-89 मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि महाराष्ट्रातून वर्धा जिल्हा निवडला गेला. पुढे राज्यभर तालुक्याच्या ठिकाणी संगणक आले, सातबारे टंकित झाले, छापील उतारे मिळू लागले. पण संगणकावर गेला तो नमुना सात-बारा, नमुना सहाची शिस्त तलाठ्याच्या दप्तरातच राहिली. हस्तलिखित सातबारा चालू होता आणि संगणकातला सातबाराही चालू होता. एखादा फेरफार वहीत मंजूर व्हायचा आणि संगणकात चढायचा राहून जायचा. कुठे क्षेत्र चुकायचे, कुठे नाव. एकाच गटाचे दोन सातबारे झाले आणि खरा कोणता हे सांगणे अवघड झाले. संगणकीकरणाचा हा टप्पा फसला, असेच म्हणावे लागेल. छपाईला वेग आला, तपासणी मात्र जागच्या जागी राहिली.

त्याच काळात जगभर संगणक चालवणारेही असल्याच अडचणीत सापडले होते. दहा सर्व्हर हाताने सांभाळता येतात, हजार सर्व्हर तसे सांभाळायला गेले की प्रत्येक यंत्राची मांडणी हळूहळू वेगळी होत जाते. ब्रिटिश सरकारच्या संगणक संस्थेने 1980 च्या दशकाच्या अखेरीस 'आयटीआयएल' ही कार्यपद्धती मांडली आणि बदलाला मंजुरीची चौकट दिली. 1993 मध्ये ऑस्लोत मार्क बर्जेस यांनी 'सीएफइंजिन' लिहिले. यंत्र कसे असावे ते एकदा लिहून ठेवायचे आणि प्रत्यक्ष स्थिती त्याच्याशी जुळते की नाही हे प्रोग्रामने पाहत राहायचे, ही त्यामागची कल्पना. 2005 मध्ये आलेल्या 'गिट'ने प्रत्येक बदल कर्त्याच्या नावानिशी, कारणासह, साखळीने जपण्याची सोय केली. पुण्याच्या टाटा संशोधन केंद्राचे नावही या इतिहासात आहे. तिथे संशोधन करणारे हॅरिक विन यांच्या पुढाकाराने टीसीएसने 2015 मध्ये 'इग्निओ' बाजारात आणले. मोठ्या कंपन्यांच्या संगणक यंत्रणेतील बिघाड ओळखून ते दुरुस्त करण्याचे काम स्वयंचलित करणारी ही प्रणाली.

महाराष्ट्रात ही गाठ बसली ती ई-फेरफार प्रकल्पात. आधी हस्तलिखित आणि संगणकीकृत सातबारे ताडून पाहण्यासाठी एडिट आणि री-एडिट या सुविधा आल्या आणि गावोगाव चावडी वाचन झाले. मग तालुक्यातालुक्यांत विखुरलेली माहिती केंद्रीय यंत्रणेत आणून फेरफाराची पूर्ण साखळीच प्रणालीत बांधली गेली. दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदला की त्याची वर्दी तलाठ्याच्या संगणकावर आपोआप येते. नोटीस प्रणालीच तयार करते. मुदत संपण्याआधी मंडळ अधिकाऱ्याला नोंद प्रमाणित करता येत नाही, आणि तलाठ्याला स्वतःची नोंद स्वतः मंजूर करता येत नाही. तालुक्याला नायब तहसीलदार 'डीबीए' (डेटाबेस अॅडमिनिस्ट्रेटर) म्हणून नेमले गेले, जिल्ह्याला उपजिल्हाधिकारी 'डीडीई' (डिस्ट्रिक्ट डोमेन एक्सपर्ट) म्हणून. महसूल खात्यात हे शब्द आता तलाठी आणि सर्कल यांच्याइतकेच रुळले आहेत.

या प्रणालीचा सर्वांत उपयोगी भाग म्हणजे ओडीसी अहवाल. खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज एकूण क्षेत्राशी जुळत नाही, असे सातबारे प्रोग्राम स्वतः शोधून काढतो आणि यादी करतो. पण दुरुस्ती तो करत नाही. लेखनचूक दुरुस्त करायला कलम 155 खाली तहसीलदाराचा आदेश लागतो आणि त्या आदेशाचाही फेरफार पडतो. सर्व्हरची मांडणी बिघडली तर यंत्राने ती लगेच पूर्ववत करावी, त्यात कोणाचे काही जात नाही. सातबाऱ्यावर मात्र चार गुंठे इकडचे तिकडे झाले तर एका घराचे नुकसान होते. त्यामुळे शोधणे यंत्राकडे आणि ठरवणे जबाबदार अधिकाऱ्याकडे ही विभागणी अगदी योग्य आहे. कामाचा वेग वाढवण्यासाठी ती कधी मोडली जाऊ नये.

1 मे 2018 पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. 15 रुपये भरून घरबसल्या घेतलेला हा उतारा कायदेशीर कामाला चालतो. 15 ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली आणि पिकाची नोंद शेतकरी स्वतः मोबाइलवरून, शेतातल्या छायाचित्रासह करू लागला. तलाठी त्यातील काही नोंदी शेतावर जाऊन पडताळतो. इथेही नोंद करणारा आणि तपासणारा वेगळाच ठेवला आहे.

चावडीवरची नोटीसही आता 'आपली चावडी' या सरकारी संकेतस्थळावर पाहता येते. जिल्हा, तालुका आणि गाव निवडले की चालू फेरफारांची यादी आणि हरकतीची शेवटची तारीख दिसते. गावापासून दूर राहणाऱ्या प्रत्येक खातेदाराने महिन्यातून दोनदा तरी ती पाहावी आणि काही वावगे दिसले तर मुदतीतच लेखी हरकत नोंदवावी. नोंद एकदा प्रमाणित झाली की प्रांताकडे अपील करावे लागते.