नोंद आणि निदान

१६६२ सालीं जॉन ग्राँट या लंडनच्या व्यापाऱ्यानें शहरांतील मृत्यूंच्या साप्ताहिक याद्यांवर एक छोटेखानी ग्रंथ प्रसिद्ध केला. मृत्यूचें कारण ठरविण्याचें काम त्या काळीं वृद्ध स्त्रियांकडे असे. मद्याचा पेला आणि दुप्पट दक्षिणा मिळाली म्हणजे त्यांस गुप्तरोग आणि क्षय यांतील भेद दिसेनासा होतो, अशी तक्रार ग्राँटनें केली आहे. आंकडे चुकत ते गणितामुळें नव्हे, लज्जेमुळें.

पुढें १८३९ पासून विल्यम फार यानें इंग्लंडच्या नोंदणी-कचेरींत रोगांच्या नांवांस शिस्त लावण्याचा उद्योग आरंभिला. १८९३ सालीं शिकागो येथें झाक बेर्तियाँ या फ्रेंच पंडितानें मृत्यूच्या कारणांची यादी मांडली. १९०० सालीं पॅरिस येथें सव्वीस राष्ट्रांच्या प्रतिनिधींनीं तिची पहिली सुधारणा केली. ही यादी मुख्यतः मेलेल्यांची होती. १९४८ च्या सहाव्या आवृत्तीनें तींत जिवंतांच्या आजारांसहि स्थान दिलें. योगायोग असा कीं, त्याच वर्षीं सप्टेंबरांत अमेरिकेंतील मेयो क्लिनिकमध्यें फिलिप हेंच यांच्या संधिवातानें जखडलेल्या एका रुग्णेस कॉर्टिझोन टोंचण्यांत आलें आणि थोड्याच दिवसांत ती हिंडूं-फिरूं लागली. स्टिरॉइडांचें युग सुरू झालें, आणि त्याच्या पाठोपाठ एक नवी लज्जाहि आली.

१९९० सालीं मान्य झालेल्या दहाव्या आवृत्तींत ‘आर ७८.६’ असा एक संकेतांक आहे. त्याचा अर्थ एवढाच कीं, रक्तांत स्टिरॉइड द्रव्य आढळलें. तें दम्यासाठीं वैद्यानें दिलें, कीं नांव नसलेल्या पुडींतून पोटांत गेलें, कीं स्नायू फुगविण्याच्या हौसेनें कोणी घेतलें, याविषयीं तो अक्षरहि बोलत नाहीं. त्या गोष्टींसाठीं अमेरिकेंत २०१५ पासून चालू असलेल्या आवृत्तींत निराळे संकेतांक आहेत: दीर्घकाळ चाललेल्या उपचारास ‘झेड ७९.५२’, दुरुपयोगास ‘एफ ५५.३’. शिवाय रुग्णालयांत दाखल झालेल्या रोग्याच्या कागदावर केवळ प्रयोगशाळेचा आंकडा पाहून संकेतांक चढवितां येत नाहीं. त्या आंकड्याचें महत्त्व वैद्यानें लिहिलेलें असावें लागतें. तें योग्यच आहे. कॉर्टिसोल हेंहि स्टिरॉइडच, आणि तें निरोगी मनुष्याच्या रक्तांतहि असतें.

हा काटेकोरपणा कारकुनी वाटेल; पण त्यावर प्राण अवलंबून असतात. दीर्घकाळ बाहेरून स्टिरॉइड मिळाल्यास वृक्कावरील ग्रंथी आपलें काम मंदावते; मग औषध एकाएकीं बंद झालें तर रोगी कोसळतो. जो वैद्य ‘आढळलें’ या शब्दांतच ‘अपराध’ वाचतो, त्याच्यापासून रोगी खरें लपवितो. आणि लपविलेलें औषध शस्त्रक्रियेच्या वेळीं कोणासच ठाऊक नसतें.

मद्याचा पेला घेऊन कारण बदलणाऱ्या त्या वृद्धा गेल्या. परंतु त्यांना पेला देणारी लज्जा अद्याप गेलेली नाहीं. आधीं आढळलें तें लिहावें, मग रोग्यास शांतपणें विचारावें, आणि निर्णय शेवटीं करावा, इतकाच धडा त्या लहानशा संकेतांकांत सांठविलेला आहे.