गळ म्हणजे दगड

‘वीरगळ’ म्हटलं की करंजाच्या कोळ्याच्या डोळ्यांपुढे मासे धरायचा गळ आला तर नवल नाही. पण हा गळ निराळा. कानडीत दगडाला म्हणतात कल्लु. त्याच्याआधी वीर जोडला की ‘क’चा ‘ग’ होतो, आणि ‘वीरगल्लु’ तयार होतो. मराठीने शब्द घेतला, ‘ल’चा ‘ळ’ केला आणि त्यातला दगड विसरली. दान मोडणाऱ्याला गाढवाची शिवी कोरलेल्या शिळेला आपण ‘गधेगळ’ म्हणतो, तोही याच साच्यातला.

वीरगळ खालून वर वाचायचा. तळाच्या चौकटीत लढाई आणि वीराचं मरण, मधे त्याला स्वर्गाकडे नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा. माथ्यावर कलश, बाजूला चंद्र-सूर्य: ते आहेत तोवर कीर्ती टिको म्हणून.

अशा काही वीरगळांमागचं युद्ध कळायला आधी उरणला जाऊ; नवी मुंबईची लोकल आता तिथपर्यंत जाते. त्या उरणजवळ रानवड आणि चांजे इथे शिलाहार राजा सोमेश्वराचे शिलालेख सापडले, शके ११८१ आणि ११८२ चे, म्हणजे इ.स. १२५९ आणि १२६० चे. चांजेच्या लेखात ठाण्याच्या उत्तरेश्वर महादेवाला एका बागेचं उत्पन्न, १६२ द्रम्म, लावून दिलं आहे. किती शांतपणे राज्य चाललंय असं वाटतं! पण थोड्याच वर्षांत देवगिरीचा महादेव यादव हत्तींचं दळ घेऊन कोकणात उतरला. सोमेश्वराने जमीन सोडून समुद्राचा आसरा घेतला आणि तिथेच तो बुडाला. यादवांचा मंत्री हेमाद्री याने ‘चतुर्वर्गचिंतामणी’च्या प्रशस्तीत ही हकीकत नोंदवली आहे; अर्थात जिंकणाऱ्याच्या बाजूने.

खाडीपलीकडे, बोरिवलीच्या एक्सर गावात सहा वीरगळ उभे आहेत. ते याच युद्धाचे, असं बरेच अभ्यासक मानतात. काहींवर जमिनीवरची लढाई आहे, हत्तींसह. बाकीच्यांवर समुद्र आहे, आणि मला हे दगड सर्वांत मोलाचे वाटतात. गुरं वळवून नेणाऱ्यांशी लढून पडलेल्यांचे वीरगळ गावोगाव मिळतात. आरमारी लढाईचे फार दुर्मीळ. इथे डोलकाठीची गलबतं एकामागे एक निघाली आहेत, वल्हेकरी ओळीने बसलेत, वर धनुष्यं आणि तलवारी उगारलेले सैनिक आहेत.

बुडालेल्या राजाचं नाव लेखांत राहिलं. एक्सरच्या या माणसांची नावं उरली नाहीत, पण कोरणाऱ्याने गलबतांच्या कडेची वल्ही एकेक करून सुटी दाखवली आहेत, मोजता येतील अशी.