हजारांची अस्मिता आणि बंदूक

मार्च २००१ मध्ये तालिबानने बामियानच्या डोंगरकड्यात कोरलेल्या दोन बुद्धमूर्ती सुरुंग लावून फोडल्या. एक सुमारे ५५ मीटर उंच, दुसरी ३८ मीटर. जगभर निषेध झाला. बौद्ध म्हणून आपल्यालाही ते जिव्हारी लागले. पण त्या मूर्तींच्या पायथ्याशी कोण राहत होते, हा प्रश्न त्या निषेधात मागेच राहिला. बामियान हा हजारांचा मुलूख. हे लोक मुसलमान, फारसीचीच एक बोली बोलणारे, बहुसंख्य शिया. चेहरेपट्टी मंगोल वळणाची. सुन्नी बहुसंख्या असलेल्या अफगाणिस्तानात त्यांचा चेहराच त्यांची जात सांगतो. या समाजाने बंदूक का उचलली आणि त्या बंदुकीने त्याला काय दिले, हे तपासणे आपल्या चळवळीलाही आवश्यक आहे.

अफगाण माणूस जन्मतःच लढवय्या, टोळीच्या वैरापायी मरणारा, असे सांगण्याची रीत इंग्रज अधिकाऱ्यांनी पाडली. हे स्पष्टीकरण सोयीचे आहे, कारण त्यात राज्यसत्तेची जबाबदारी उरतच नाही. इतिहास वेगळे सांगतो.

अमीर अब्दुर रहमान याने १८८० ते १९०१ या काळात आजच्या अफगाणिस्तानची राज्ययंत्रणा उभी केली. बंडखोर पश्तुनांनाही त्याने चिरडले. परंतु १८९१ ते १८९३ च्या हजारांवरील मोहिमेचे स्वरूप निराळे होते. शिया हे काफर, असे फतवे मुल्लांकडून काढवून त्याने पश्तून टोळ्यांना धर्मयुद्धाची हाक दिली. बंड मोडल्यावर हजारो स्त्री-पुरुष-मुले गुलाम म्हणून विकली गेली. कुरणे पश्तून भटक्या पशुपालकांना मिळाली. असंख्य कुटुंबे क्वेट्टा आणि मशहदकडे परागंदा झाली. या अमीराला हिंदुस्थानच्या तिजोरीतून इंग्रज सरकार १८८३ पासून वर्षाला १२ लाख रुपये देत होते; १८९३ मध्ये ही रक्कम १८ लाख झाली. इथल्या रयतेच्या घामाचा पैसा तिथल्या रयतेला गुलाम करणाऱ्या फौजेला पोसत होता!

१९२३ मध्ये अमानुल्लाहने गुलामी कायद्याने बंद केली. कायद्याने गुलामी गेली, पायरी गेली नाही. काबूलमध्ये हजारा म्हणजे हमाल, हजारा म्हणजे घरगडी, हे समीकरण पुढे अनेक दशके टिकले. जन्मावरून काम आणि कामावरून हीनत्व, ही व्यवस्था आपल्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काबूलमध्ये उभे राहिलेले मोठे पक्ष मात्र वंशाचे नाव घेत नव्हते. १९६५ मध्ये स्थापन झालेला कम्युनिस्ट पक्ष वर्गलढ्याची भाषा बोलत होता. काबूल विद्यापीठातील इस्लामवादी तरुण साऱ्या मुसलमानांच्या बंधुत्वाची. पण कम्युनिस्ट पक्ष १९६७ मध्ये फुटला तेव्हा खल्क गटात खेड्यांतून आलेले पश्तून अधिक राहिले आणि परचम गटात काबूलचे फारसी बोलणारे शहरी शिक्षित. इस्लामवाद्यांतही रब्बानींच्या जमियतमध्ये ताजिक, तर हिकमतयारच्या हिज्बमध्ये पश्तून एकवटले. १९९२ च्या एप्रिलमध्ये नजीबुल्लाहचे सरकार कोसळले आणि उरलासुरला पडदा दूर झाला. अनेक खल्की अधिकारी आपल्या हाडवैरी हिकमतयारकडे गेले. परचमी मंडळींनी ताजिक मसूद आणि उझबेक दोस्तुमची वाट धरली. मार्क्स आणि कुराण दोन्ही बाजूला पडले. जन्माची उतरंड न मोडता समतेचे तत्त्वज्ञान वरून चढवले, तर आणीबाणीच्या क्षणी माणूस पुन्हा आपल्या आळीतच परततो.

हजारांचा प्रवास याच काळातला. १९७९ मध्ये हजाराजातने काबूलच्या कम्युनिस्ट सत्तेविरुद्ध उठाव केला आणि सय्यद अली बेहिश्तींच्या नेतृत्वाखाली 'शूरा-ए-इत्तिफाक' स्थापन झाली. तिच्यात मीर, म्हणजे जमीनदार, आणि सय्यद यांचे वर्चस्व होते. प्रेषितांचे वंशज म्हणवणारे हे सय्यद हजारांच्या मुली करीत, पण आपल्या मुली हजारांना देत नसत. दडपलेल्या समाजाच्या पोटातही अशी पायरी होती. पुढे इराणच्या पाठबळावर 'नस्र' आणि 'सिपाह' या तरुण धर्मपंडितांच्या संघटनांनी शूराला हुसकावले. सोव्हिएत फौजा देशात असताना हजारा हजारांशीच लढत राहिले.

फेब्रुवारी १९८९ मध्ये सोव्हिएत सैन्य परतले. त्याच महिन्यात पाकिस्तानात मुजाहिदीनांनी हंगामी सरकार बनवले. त्यात सात सुन्नी पक्ष होते, शिया पक्षांना जागा नव्हती. शत्रू एक असताना भाऊ, वाटणीच्या वेळी परके! या अनुभवाने भांडणारे गट एकत्र आले आणि त्याच वर्षी बामियानात 'हिज्ब-ए-वहदत', ऐक्याचा पक्ष, जन्माला आला. त्याचे नेते अब्दुल अली मजारी यांनी सत्तेत वाटा, संघराज्य आणि शिया कायद्याची मान्यता मागितली. 'हजारा' हा शब्द ज्यांना शिवीसारखा ऐकावा लागला होता, ते तो ताठ मानेने उच्चारू लागले. हे श्रेय कोणीही नाकारू नये.

पण बंदुकीचा हिशेब इथेच संपत नाही. १९९२ नंतर पश्चिम काबूल वहदतच्या ताब्यात आले. तिथे वहदतच्या सैनिकांनीही निरपराध पश्तुनांना पळवून नेले, छळले, मारले. फेब्रुवारी १९९३ मध्ये मसूद आणि सय्याफच्या फौजांनी अफशार वस्तीत हजारांची कत्तल केली. त्यानंतरही वहदत एकसंध राहिला नाही. अकबरी रब्बानींकडे गेले, मजारींनी हिकमतयारशी हातमिळवणी केली. मार्च १९९५ मध्ये तालिबानने मजारींना पकडून ठार केले. ऑगस्ट १९९८ मध्ये मजार-ए-शरीफमध्ये तालिबानने किमान दोन हजार माणसे मारली; त्यांत बहुसंख्य हजारा होते.

२००४ च्या राज्यघटनेने हजारांना नावानिशी राष्ट्राचा घटक मानले, शिया कायद्याला स्थान दिले. मजारींच्या मागण्यांचा एक भाग असा कागदावर आला. हजारांच्या मुली मोठ्या संख्येने शाळा-महाविद्यालयांत जाऊ लागल्या. १५ ऑगस्ट २०२१ रोजी तालिबान काबूलमध्ये परतले आणि ती घटना निकालात निघाली. ३० सप्टेंबर २०२२ रोजी काबूलच्या हजारा वस्तीतील काज शिकवणी केंद्रात सराव परीक्षा देणाऱ्या विद्यार्थ्यांवर आत्मघाती हल्ला झाला. पन्नासहून अधिक मेले. त्यांत बहुतेक मुली होत्या. मारेकऱ्याने बंदूकधारी हजारा निवडला नव्हता. पुस्तक हाती घेतलेली हजारा मुलगी निवडली होती. खरी भीती कशाची वाटते, हे शत्रूला नीट कळते.

वंश आणि जात एक नव्हेत, हे मान्य. तरीही यातून निघणारा निष्कर्ष आपल्या कामाचा आहे. अस्मिता माणसाच्या रक्तातून उसळत नाही. वाट्याची दारे जन्मावरून बंद केली जातात, तेव्हा ती घडते. म्हणून दलितांनी, हजारांनी आपली ओळख विसरावी, असा उपदेश करण्याचा अधिकार दारे बंद करणाऱ्यांना नाही. पण अस्मितेची मालकी बंदुकीकडे गेली की ती लोकांची न राहता सेनापतीची होते. तो तिला वाटाघाटीत विकतो आणि कत्तल मात्र लोकांच्या वाट्याला येते. आपल्या समाजातला मीर कोण, सय्यद कोण, हे विचारण्याची सवय ज्या चळवळीने ठेवली, तीच अस्मितेला मुक्तीकडे नेऊ शकते.