चिखलातील शर्यतीचा उगम

ट्रायल, म्हणजे खडकाळ किंवा चिखलाच्या वाटेवर पाय न टेकता मोटारसायकल पुढे नेण्याची कसोटी, हा इंग्लंडमधील जुना प्रकार असून, यॉर्कशरचे मोटारसायकल-निर्माते आल्फ्रेड अँगस स्कॉट यांनी १९१४ मध्ये आपल्या कामगारांसाठी सुरू केलेली स्पर्धा त्याच परंपरेतली होती. १९२४ मध्ये सरे परगण्यातील कॅम्बर्ली येथील स्पर्धेत मात्र पाय टेकण्यावरून गुण ठरवण्याची पद्धत वगळून केवळ वेळ मोजला गेला आणि स्क्रॅम्बल, म्हणजे आजच्या मोटोक्रॉसचा पूर्वज, जन्मास आला. चिखलातला आनंद खरा की निव्वळ हट्ट, याचे उत्तर बहुधा या बदलातच सापडते. कारण पाय टेकणे हा दोष उरला नाही, घसरणे आणि सावरणे हाच खेळ झाला, आणि १९६०च्या दशकात ब्रिटिश दूरचित्रवाणीने हिवाळी शर्यती दाखवल्या तेव्हा तो घरबसल्या प्रेक्षकांपर्यंतही पोहोचला.