बिनतारी हुकूम आणि विमानाचा तोल

एखाद्या मोकळ्या माळावर, वारा पडलेला असतां, लांकडाच्या पातळ पट्ट्यांचें व कापडाचें लहानसें द्विपंखी विमान घेऊन एखादा हौशी कारागीर येतो. विमानांत बिनतारी संदेश ग्रहण करणारें यंत्र असतें व हातांत संदेश धाडणारी पेटी असते. पाहणाऱ्यांस वाटतें कीं, आतां इंजिन सुरू होईल व विमान धन्याच्या हुकुमाबरहुकूम आकाशांत फिरूं लागेल. परंतु जाणता कारागीर तसें करीत नाहीं. तो प्रथम पंखाखालीं दोन बोटें टेकवून विमान अधर तोलून पाहतो. मग इंजिन बंद ठेवूनच, वाऱ्याकडे तोंड करून, चार पावलें धांवतो आणि तें उंच गवतावर अलगद सोडून देतो. तें कसें उतरलें हें पाहून नाकांत शिशाचा तुकडा घालतो, शेपटीखालीं चपटी काडी सारतो, आणि पुन्हां सोडतो.

जें यंत्र हुकुमानें चालावयाचें, तें हुकुमावांचून सोडून देण्यांत काय साधतें, असा प्रश्न कोणासही पडेल. त्याचें उत्तर विमानविद्येच्या इतिहासांत आहे. आणि तें मिळविण्यांत सव्वाशें वर्षांहून अधिक काळ व कित्येकांचे प्राण खर्ची पडले आहेत.

इंग्लंडांत यॉर्कशायर परगण्यांतील ब्रॉम्प्टन गांवीं सर जॉर्ज केली या नांवाचे एक जमीनदार राहत असत. पक्ष्याप्रमाणें पंख फडफडविल्यावांचून उडतां येणार नाहीं, असें त्या काळीं बहुतेकांस वाटे. केली यांनीं उचलून धरणें हें एक कार्य व पुढें ढकलणें हें दुसरें कार्य, असा स्पष्ट भेद केला. इ. स. १८०४ मध्यें त्यांनीं सुमारें पांच फूट लांबीच्या दांडीवर पतंगासारखा स्थिर पंख बसविला, मागें वळवितां येईल अशी शेपटी जोडली, आणि नाकाशीं वजन पुढेंमागें करण्याची सोय ठेविली. टेकडीच्या माथ्यावरून सोडलें असतां तें चिमुकलें यंत्र उतारावर तरंगत जाई. पुढें वजन आणि मागें शेपटी, या दोहोंच्या मेळानें तोल साधतो, हा पहिला धडा येथें मिळाला.

दुसरा धडा फ्रान्समध्यें मिळाला. अल्फोन्स पेनो हा नौसेनापतीचा मुलगा. परंतु कमरेच्या सांध्याच्या विकारामुळें त्याला नौदलांत शिरतां येईना. तो विमानविद्येकडे वळला. १८ ऑगस्ट १८७१ या दिवशीं पॅरिस येथील त्विलरी उद्यानांत त्यानें निमंत्रित मंडळींसमोर आपलें हातभर लांबीचें विमान सोडलें. पिळलेल्या रबराच्या जोरावर त्याचा पंखा फिरत असे. ११ सेकंद तें हवेंत राहिलें व सुमारें ४० मीटर गेलें. वरवर पाहतां तें खेळणें होतें. पण त्याच्या शेपटींत मर्म होतें. पंख हवेला ज्या कोनानें भेटे, त्याहून शेपटीची आडवी फळी किंचित् कमी कोनानें बसविलेली होती. त्यामुळें वाऱ्याच्या झोतानें नाक वर गेलें, तर शेपटीवरील दाब वाढून मागची बाजू उचलली जाई व नाक पुन्हां खालीं येई. नाक खालीं झुकलें, तर शेपटी दाबली जाई व नाक वर येई. कोणी सांवरावयास नसतां यंत्र स्वतःच स्वतःला सांवरी. आजचा कारागीर शेपटीखालीं काडी सारतो, तो याच कोनाचा शोध घेत असतो.

पेनोनें पुढें १८७६ मध्यें मनुष्यवाहक विमानाचा आराखडाही केला; पण द्रव्यसाहाय्य कोणी दिलें नाहीं. निराश होऊन वयाच्या तिसाव्या वर्षीं, १८८० मध्यें, त्यानें स्वतःच आपलें जीवन संपविलें. तत्पूर्वीं दोन वर्षें, अमेरिकेंत एका धर्मोपदेशकानें आपल्या दोन मुलांस पेनोच्या पद्धतीचें, रबराच्या पिळानें वर उडणारें एक खेळणें आणून दिलें होतें. त्या मुलांचीं नांवें विल्बर व ऑर्व्हिल राइट.

परंतु राइट बंधु मोठेपणीं पेनोच्या वाटेनें गेले नाहींत. त्यांनीं घेतला तो द्विपंखी सांगाडा. ऑक्टेव्ह शान्यूट या वृद्ध अभियंत्याचें आयुष्य रेल्वेमार्ग व पूल बांधण्यांत गेलें होतें. त्यानें १८९६ मध्यें मिशिगन सरोवराच्या वाळूच्या टेंकड्यांवर एकावर एक दोन पंख असलेलें तरंगविमान आणलें. मध्यें उभे खांब आणि तिरप्या ताणलेल्या तारा, अशी ती पुलाचीच बांधणी होती. वजन थोडें आणि बळकटी पुष्कळ. राइट बंधूंनीं १८९९ मध्यें पांच फूट रुंदीचा द्विपंखी पतंग करून दोऱ्यांनीं त्याचे पंख पिळण्याची युक्ति तपासली, आणि १७ डिसेंबर १९०३ रोजीं त्यांचें द्विपंखी विमान उडालें. त्या दिवसाचें सर्वांत लांब उड्डाण ५९ सेकंदांचें होतें. मात्र तें विमान स्वभावतः डळमळीत होतें. हे बंधु दुचाक्यांचे व्यापारी; चालवणारा सतत तोल सांभाळतो म्हणूनच दुचाकी उभी राहते, हें त्यांच्या अंगवळणीं पडलेलें. विमानाचा तोल त्यांनीं चालकाच्या हातीं सोंपविला. चालक दक्ष असे तोंवर ही व्यवस्था चाले. पण चालक थकला, चुकला किंवा नसलाच तर काय, हा प्रश्न तसाच राहिला.

तो प्रश्न इंग्लंडांतील फार्नबरो येथील सरकारी विमानशाळेंत एडवर्ड बस्क या तरुणानें हातीं घेतला. प्राध्यापक ब्रायन यांनीं १९११ मध्यें विमानाच्या स्थैर्याचें गणित ग्रंथरूपानें मांडलें होतें आणि टेडिंग्टनच्या प्रयोगशाळेंत बेअरस्टो यांनीं लहान प्रतिकृतींवर प्रयोग केले होते. बस्कनें त्या गणिताला लांकूड, कापड व तारा यांचें शरीर दिलें. जॉफ्री डी हॅव्हिलंड यांनीं पूर्वीं आंखलेलें ‘बी. ई. २’ नांवाचें द्विपंखी विमान घेऊन त्यानें त्याचा खालचा पंख मागें सारला, पंखांचीं टोंकें वर उचलून घेतलीं, शेपटी नवी केली व तिच्यावर उभी फळी बसविली. जून १९१४ मध्यें मेजर ब्रँकर यांनीं हें विमान फार्नबरोहून उंच नेलें, रोख धरला, आणि सॅलिसबरीच्या मैदानापर्यंत चालकदांड्यास जवळजवळ हातही लावला नाहीं; वाटेंत ते आपला अहवाल लिहीत बसले होते. घरची वाट ओळखणारा बैल जसा गाडीवानास झोंप लागली तरी गाडी बरोबर नेतो, तसा हा प्रकार झाला.

त्याच वर्षीं ५ नोव्हेंबर रोजीं बस्क स्वतः विमान चालवीत असतां तें आकाशांतच पेटलें आणि तो मृत्यु पावला. त्याचें वय अवघें २८ वर्षांचें होतें.

त्याच्या विमानाचें पुढें काय झालें, तें अधिक विचार करण्याजोगें आहे. महायुद्ध सुरू झालें होतें. शांत, सरळ, आपल्याच चालीनें जाणारें हें विमान टेहळणीस उत्तम होतें. परंतु १९१५ मध्यें जर्मनांचीं फॉकर विमानें यंत्रबंदुका घेऊन अंगावर येऊं लागलीं, तेव्हां त्याचा गुणच त्याला बाधक झाला. झटकन वळावें तर तें वळेना. वळविलें तर पुन्हां सरळ होऊं पाही. त्यांत अनेक तरुण वैमानिक बळी पडले. जें स्थैर्य चालकाच्या रक्षणासाठीं शोधलें होतें, त्यानेंच चालकाचा घात केला.

मग या स्थैर्याचें खरें स्थान कोठें? जेथें विमानांत माणूसच बसणार नाहीं तेथें, असें उत्तर काळानें दिलें. मार्च १९१७ मध्यें इंग्लंडांत आर्चिबाल्ड लो यांच्या योजनेप्रमाणें बिनतारी हुकुमानें चालणारें एक चालकरहित विमान सोडण्यांत आलें. तें थोडक्याच वेळांत कोसळलें. हुकूम पोंचविण्याची विद्या येत होती, परंतु हुकुमाची वाट पाहत स्वस्थ उडत राहणारें विमान अजून हातीं नव्हतें. विमानांत बसलेल्या चालकास तोल जात असल्याचें शरीरालाच कळतें. जमिनीवर उभ्या असलेल्यास तें डोळ्यांनीं दिसेपर्यंत वेळ निघून गेलेली असते.

युद्धानंतर आरमारांत वाद माजला कीं, जहाजावरील तोफा विमान पाडूं शकतील किंवा नाहीं. खरें विमान समोर असल्यावांचून निर्णय होईना, आणि त्यांत माणूस बसवून त्यावर तोफा डागतां येईनात. म्हणून फेअरी कंपनीचीं तीन द्विपंखी विमानें बिनतारी नियंत्रणासाठीं बदलून घेण्यांत आलीं. त्यांच्या पंखांचा वरचा उठाव मूळच्याहून वाढविला होता, म्हणजे बस्कचाच धडा पुन्हां गिरविला होता. १९३२ मध्यें ‘व्हॅलियंट’ या युद्धनौकेवरून सोडलेलीं पहिलीं दोन विमानें कांहीं क्षणांतच समुद्रांत पडलीं. त्याच वर्षीच्या सप्टेंबरांत तिसरें मात्र सुमारें ९ मिनिटें हुकुमाप्रमाणें उडालें. पुढच्या जानेवारींत आरमारानें त्याच्यावर सुमारें दोन तास मारा केला आणि एकही गोळा त्याला लागला नाहीं. तोफांवर भिस्त ठेवणाऱ्यांचे डोळे उघडले. आणि हें ज्ञान मिळवितांना एकाही वैमानिकाचा प्राण गेला नाहीं.

तेव्हां अशीं विमानें मोठ्या संख्येनें हवींत, असें ठरलें. बस्कनें ज्यांचें विमान सुधारलें होतें, त्याच डी हॅव्हिलंड यांच्या कारखान्यानें १९३५ मध्यें ‘क्वीन बी’ म्हणजे ‘राणीमाशी’ हें द्विपंखी विमान दिलें. लांकडी अंग स्वस्त पडे व पाण्यावर तरंगे; पंख ‘टायगर मॉथ’ या शिकवणीच्या विमानाचे. जमिनीवरील नियंत्रक टेलिफोनसारखी तबकडी फिरवून हुकूम देई व सुकाणूं आणि शेपटीची फळी यांवर त्याचा अंमल होई. पंखांचा तोल विमानाच्या स्वभावावरच सोडलेला असे. उतरतांना खालीं लोंबणारी वजनदार तार जमिनीस टेकली कीं नाक आपोआप वर उचललें जाई. अशीं चारशेंहून अधिक विमानें बांधलीं गेलीं. अमेरिकेच्या आरमारानें १९३६ पासून स्वतःचे असे प्रयोग आरंभिले, तेव्हां फार्नी या अधिकाऱ्यानें राणीमाशीच्या मानार्थ आपल्या विमानास ‘ड्रोन’, म्हणजे नरमाशी, म्हटलें, असें सांगतात. आज लग्नसमारंभापासून शेतावरील फवारणीपर्यंत ऐकूं येणारा हा शब्द असा आला.

सरकारी कारखान्यांत जें चाललें होतें, तेंच एका घरांतही चाललें होतें. मिशिगन प्रांतांतील कॅलमझू गांवीं वॉल्टर व विल्यम गुड हे जुळे बंधु राहत. वॉल्टर विमानें बांधण्यांत निष्णात, विल्यम बिनतारी विद्येचा व्यासंगी. १९३७ मध्यें त्यांनीं ‘गफ’ नांवाचें आपलें लहान विमान बिनतारी हुकुमानें यशस्वी रीतीनें उडविलें. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय हवाई व अंतराळ संग्रहालयानें तें आपल्या संग्रहीं घेतलें. त्या पिढींतील हौशी लोकांजवळचीं साधनें अगदीं तोकडीं असत. पुष्कळांच्या यंत्रांतून एकच हुकूम जाई, आणि त्यानें रबराच्या पिळावर फिरणारी एक लहानशी कळ एकेक टप्पा सरके: एकदां सुकाणूं उजवीकडे, मग मध्यें, मग डावीकडे. ज्या रबरी पिळानें पेनोचा पंखा फिरला, त्यानेंच आतां सुकाणूं वळूं लागलें. एवढ्याशा हुकुमावर डळमळीत विमान कधींच सांभाळतां आलें नसतें. म्हणून तें आधीं मोकळें सोडून, स्वतःच्या बळावर वर चढणारें व स्वतःच उतरणारें असें सिद्ध करावें लागे. बिनतारी यंत्र मागाहून केवळ सूचना देई.

द्विपंखी विमानांत हें काम अधिक नाजूक असतें, कारण येथें एकाऐवजीं दोन पंखांचा मेळ घालावयाचा असतो. वरचा पंख किंचित् पुढें व खालच्याहून अंशभर अधिक कोनानें बसविला, तर गति मंदावतां आधीं वरच्या पंखाचा आधार सुटतो, नाक आपोआप खालीं येतें आणि गति परत मिळते. गवतावर सोडलेलें विमान लाटेसारखें वरखालीं होत गेलें, तर नाक हलकें आहे असें समजावें. दगडासारखें खालीं आलें, तर जड. इंजिनाचा रोख किंचित् खालीं व उजवीकडे ठेवावा लागतो, म्हणजे पूर्ण जोर दिला असतां विमान उभें राहत नाहीं किंवा डावीकडे ओढत नाहीं. एका वेळीं एकच फरक करावा, आणि त्याचें फळ पाहूनच दुसऱ्यास हात घालावा, हा नियम जुना व आजही तितकाच खरा आहे.

आतां विद्युत्-यंत्रें फार पुढें गेलीं आहेत. चार पंख्यांच्या ड्रोनला अंगचा तोल मुळींच नसतो. त्याच्या पोटांतील गणकयंत्र दर सेकंदास शेंकडों वेळां त्याला सांवरीत असतें. तोल लांकडांतून निघून यंत्राच्या गणितांत गेला, एवढेंच. हुकुमाच्या आधीं तोल, हा क्रम मात्र बदललेला नाहीं. आणि गणकयंत्र थांबलें कीं तें ड्रोन दगड होतें, तर नीट तोल साधलेलें द्विपंखी विमान, संदेश तुटला व इंजिन बंद पडलें तरी, आपल्या चालीनें तरंगत खालीं येतें.

माळावरील कारागीर अकराव्यांदा विमान सोडतो. या वेळीं तें डगमगत नाहीं, आपटत नाहीं. सरळ लांबवर जाऊन गवताच्या शेंड्यांवर अलगद बसतें. मग तो पेटी उचलतो आणि इंजिन सुरू करतो.